नॉरिस टनिक्लिफचे बारा तास

नॉरिस टनिक्लिफला दोन प्रकारच्या माणसांचा मनापासून तिटकारा होता. एक, शर्यतीत दुसऱ्याच्या सोबतीने सायकल मारणारी माणसं. दुसरी, जुन्या सायकलीला नवा रंग देणारी माणसं. पहिल्या प्रकारातल्यांना तो झुडपात लपून पकडायचा. दुसऱ्या प्रकारात त्याचा सख्खा मेहुणाच होता, त्यामुळे लपण्याचा प्रश्न नव्हता. त्याच्याशी नॉरिसने अबोला धरला होता, आणि तोही थोडाथोडका नाही, चांगला दहा वर्षांचा.

मेहुण्याचं नाव विल्फ डटन. दोघं एकाच गल्लीत वाढले, एकाच वर्षी टर्नसाइड व्हीलर्स या सायकल क्लबात शिरले, आणि श्रॉपशायरच्या रस्त्यांवर एकमेकांना हरवण्यात दोघांनी आपली तरुणाई घालवली. पोटासाठी नॉरिस चीजच्या कारखान्यात चीजची जडशीळ चाकं उलटीपालटी करायचा आणि विल्फ रेल्वेत सिग्नल पाडायचा. रविवार मात्र सायकलीचा. विल्फची बहीण ओल्वेन क्लबात आली ती भावाचा डबा घेऊन, आणि दुसऱ्याच महिन्यात चढावर दोघांनाही मागे टाकून वर जाऊन गवतावर सफरचंद खात बसलेली सापडली. नॉरिसने तिला तिथेच मागणी घातली. धाप लागल्यामुळे त्याला वाक्य पुरं करता आलं नव्हतं, असं ओल्वेन अजून सांगते. काय विचारतोय ते तिने अंदाजानेच ओळखलं आणि हो म्हणून टाकलं.

आता त्या सायकलींचं सांगायला हवं, कारण सगळं भांडण तिथलंच. पबच्या मागच्या शेडमध्ये जेथ्रो पिम नावाचा एक तिरसट माणूस पोलादी नळ्या सांधून शर्यतीच्या सायकली करायचा. गिऱ्हाईक आलं की तो आधी त्याला कुणाची तरी सायकल देऊन गल्लीच्या टोकापर्यंत पिटाळायचा आणि पाठमोरं बघून ठरवायचा, की याला सायकल करून द्यायची की नाही. नॉरिसला आणि विल्फला त्याने एकाच हिवाळ्यात सायकली करून दिल्या. एकीला गडद हिरवा रंग, दुसरीला निळा. आणि दोन्हींवर सोनेरी रेघा. या रेघा जेथ्रोची बायको एडिथ काढायची. खारीच्या केसांचा बारीक ब्रश, पट्टी नाही की चिकटपट्टी नाही, नुसता हात. श्वास रोखून एका दमात रेघ ओढायची आणि मग चुलीवरचं बघायला आत जायची. ती रेघ जवळून पाहिली तर मध्येच किंचित थरथरलेली दिसायची, आणि नॉरिसचा सगळा जीव त्या थरथरीत होता.

जेथ्रो गेला, एडिथ गेली, शेड पाडून तिथे गाड्या लावायची जागा झाली. पिमच्या सायकली उरल्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. नॉरिसने आपली जिवापाड जपली. रंग उडाला तिथे तो गंज चढू नये म्हणून मेण चोळायचा. पण नवा रंग? छे! नाव काढायचं नाही.

आणि अशात एका वसंतातल्या रविवारी विल्फ क्लबच्या सहलीला आपली पिम घेऊन आला, ती अशी लखलखीत निळी की शेजारी उभ्या असलेल्या गाडीने लाजावं. जुना रंग पार खरवडून काढला होता. भट्टीत भाजलेला नवा रंग. आणि एडिथच्या रेघेच्या जागी सोनेरी कागदाची चिकटवलेली पट्टी, आगगाडीच्या रुळासारखी सरळ. लोक वा वा करत होते. नॉरिसने खिशातून चष्मा काढला, वाकून पट्टी पाहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "मढ्याला पावडर लावलीस, विल्फ."

विल्फचा चेहरा पांढराफटक पडला. विल्फची बायको मर्टल जाऊन तेव्हा जेमतेम काही महिने झाले होते. घरात एकटा बसून या माणसाचं डोकं फिरलंय, असंच नॉरिसला वाटलं.

"आणि तुझी?" विल्फ म्हणाला. "तुझी गंजाच्या आधाराने उभी आहे. मेण पुसलंस तर जागच्या जागी भुगा होईल."

तिथून गोष्ट वाढत गेली. एकमेकांच्या नाकावरून झालं, टाचांवरून झालं, पन्नास वर्षांपूर्वीच्या एका शर्यतीत कोण कुणाच्या आडोशाला लपून वारा चुकवत होतं यावरून झालं. संध्याकाळपर्यंत दोघांनी तोंड फिरवलं, ते फिरवलंच. नाताळच्या जेवणाला विल्फ बहिणीकडेच यायचा, नॉरिसच्या समोर बसायचा, आणि सगळा संवाद ओल्वेनमार्फत चालायचा.

"ओल्वेन, तुझ्या भावाला विचार, बटाटे संपवायचा त्याचा विचार आहे का."

"ओल्वेन, तुझ्या नवऱ्याला सांग, मी पाहुणा आहे."

"मी टेलिफोन एक्स्चेंज आहे का रे?" ओल्वेन म्हणायची आणि बटाट्यांचं भांडं स्वतःपुढे ओढून घ्यायची.

हे असंच चाललं असतं. पण तीन वर्षांपूर्वी विल्फने एक आगळीक केली. टर्नसाइड व्हीलर्सची दर जूनमध्ये जुन्या सायकलींची बारा तासांची शर्यत असते. पोलादी सायकल हवी, ब्रेकच्या तारा हँडलवरून बाहेर वाकलेल्या हव्यात, आणि बारा तासांत जास्तीत जास्त मैल कापायचे, अगदी एकट्याने. एकामागून एक मिनिटामिनिटाने सोडतात. वाटेत कुणाला गाठलंत तर मुकाट पुढे निघून जायचं. शेजारी राहायचं नाही, मागे चिकटायचं नाही, गप्पा तर मुळीच नाहीत. नाहीतर बाद. त्या शर्यतीत पंचाहत्तरीच्या पुढच्यांचा विक्रम विल्फने मोडला. एकशे एक्याण्णव मैल, आणि ते त्या रंगवलेल्या सायकलीवर! क्लबाच्या फलकावर त्याचं नाव सोनेरी अक्षरांत लागलं. नॉरिसच्या अंगाचा तिळपापड झाला.

पुढच्या वर्षी नॉरिस उतरला तर अर्ध्या वाटेत धो धो पाऊस, आणि चेन तुटली. त्याच्या पुढच्या वर्षी खुबा दुखायला लागला. यंदा फेब्रुवारीत डॉक्टरीणबाईंनी फोटो दाखवला, त्यात नॉरिसला काही कळलं नाही, पण बाईंचा चेहरा कळला. शरद ऋतूत ऑपरेशन, नवा खुबा.

"मग सायकल?" त्याने विचारलं.

"बाजारापर्यंत जा की," बाई म्हणाल्या. "बारा तासांचं वेड मात्र आता पुरे."

"ऑपरेशननंतर ना?"

बाईंनी ओल्वेनकडे पाहिलं. ओल्वेनने खिडकीबाहेर पाहिलं. जूनमध्ये एक शेवटची संधी होती, हे तिघांनाही समजलं होतं. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या नॉरिसला जगात दुसरं काही नको होतं. फलकावर विल्फच्या नावाच्या वर आपलं नाव, आणि ते मूळ रंगाच्या पिमवर मिळवलेलं. त्यानंतर खुब्याचं हवं ते करा.

मार्चपासून तो गल्ल्यागल्ल्यांतून सायकल मारू लागला. शेतावरची कुत्री आधी भुंकायची, मग ओळखीने शेपटी हलवायची, मग तीही कंटाळली. दुधाच्या टँकरवाल्याने एकदा काच खाली करून विचारलं, "नॉरिस, बायकोने घराबाहेर काढलंय का?" नॉरिसला हसायलाही फुरसत नव्हती. पण खरं सांगायचं तर तो सुखात होता. खुबा ठणकायचा, तरी कुंपणाच्या झुडपांमधल्या अरुंद रस्त्यावर पिमने एकदा लय धरली की त्याला वाटायचं, जेथ्रोने ही सायकल केली ती आपली आजची पाठ बघून.

शर्यतीच्या दिवशी सकाळी सहाला सूर्य चांगला वर आला होता. शर्यतीची व्यवस्था बघणारा रॉडनी क्लूज हा शहाणा माणूस. त्याने विल्फला पहिल्या दहांत सोडलं आणि नॉरिसला अगदी शेवटी, म्हणजे दोघांचं तोंड एकमेकांना दिसायला नको. ओल्वेन रस्त्याच्या कडेला घडीची खुर्ची टाकून बसली. तिच्याजवळ दोन पिशव्या होत्या. एकीत नवऱ्यासाठी डब्यातली थंडगार तांदळाची खीर, दुसरीत भावासाठी पाकातले पीच.

"तू कुणाच्या बाजूची?" नॉरिसने सुटण्याआधी विचारलं.

"ज्याची पिशवी आधी संपेल त्याच्या."

झुडपातलं काम यंदा हिलरी बेबिंग्टनकडे होतं. ही शाळेत भूगोल शिकवायची, आणि सोबतीने सायकल मारणाऱ्यांना कसं पकडायचं याचं शिक्षण तिने खुद्द नॉरिसकडून घेतलं होतं. "दया आली की समजावं आपण चुकतोय," हा त्याचा धडा. एका वर्षी त्याने आपल्याच क्लबाच्या अजिंक्यवीराला बाद करवलं होतं. त्या अजिंक्यवीराच्या आईने मग दोन वर्षं नॉरिसला केक दिला नाही, पण नॉरिस बधला नाही.

सकाळ अशी गेली की सांगता सोय नाही. कापलेल्या गवताचा वास, पाठीवर कोवळं ऊन, वारा कधी नव्हे तो मागून. नॉरिस खीर चमच्याने खात नसे. डब्याला भोक पाडून प्यायचा, आणि निम्मी सदऱ्यावर सांडायचा. दुपारी ओल्वेन खुर्चीवरून उठून ओरडली, "दोन मैल पुढे आहेस!" कुणाच्या पुढे, हे विचारायची गरज नव्हती. नॉरिसला असा काही आनंद झाला की खुब्याची कळ तो साफ विसरला.

शेवटचे काही तास सगळ्यांना एका लहान वळशावर फिरवतात. सात-आठ मैलांची फेरी, गावाच्या सभागृहासमोरून सुरू होऊन तिथेच परत. पहिला आणि शेवटचा तिथे मिसळून जातात. शर्यत संपायला दीड-दोन तास उरले असतील. ओढ्याचा पूल ओलांडून नॉरिस वळला आणि समोर त्याला निळा लखलखाट दिसला.

नॉरिसला काय करायचं ते पाठ होतं. मान खाली, उजवीकडून बाहेर, मुकाट पुढे. तो तसा निघालाही. पण जवळ येताच त्याच्या कानावर आवाज पडला. टक्. पायडलची एक फेरी, आणि टक्. दुसरी फेरी, टक्. आता नॉरिसला माणसांचं बोलणं नीट ऐकू येत नसे, दोन्ही कानांत यंत्रं होती. पण सायकलीची कुरकुर त्याला दोन शेतं पलीकडून कळायची. तो विल्फच्या बरोबरीला आला. टक्. तोंडातून शब्द काढायचा नाही, त्याने स्वतःला बजावलं. टक्. आणखी तीन फेऱ्या मारल्या असत्या तर तो सुटला असता.

"पायडलची डावी कॉटर पिन सैल झालीय," तो म्हणाला.

विल्फने समोरच पाहिलं.

"उजवी," तो म्हणाला.

"डावी."

"माझी सायकल आहे. मला ठाऊक नसेल?"

"सायकल जेथ्रोची आहे. तुझा फक्त रंग आहे."

"झालं! मला वाटलंच, निघणार!" विल्फ ओरडला. "दहा वर्षांनी तोंड उघडलंस, आणि त्यातून काय बाहेर पडलं? रंग!"

विल्फलाही कमी ऐकू यायचं. थोडं अंतर ठेवून बोलायची सोयच नव्हती. एकमेकांचं ऐकायला हँडलला हँडल लावूनच चालावं लागत होतं, आणि तरीही दोघं अशा पट्टीत बोलत होते की कुंपणापलीकडच्या गाई रवंथ थांबवून बघत राहिल्या. चढ आला तरी बोलणं थांबलं नाही. उलट दोघंही तावातावाने मारत होते, आणि ते दिवसभरात कधी नव्हे इतक्या वेगाने पळत होते. पहिली फेरी एडिथच्या रेघेत गेली. दुसऱ्या फेरीच्या मध्यावर विल्फ एकदम म्हणाला, "मर्टलने सांगितलं होतं."

"काय?"

"मर्टलने! रंग! इस्पितळात होती तेव्हा. म्हणाली, तू आमच्या दारात पहिल्यांदा आलास ना, तेव्हा तुझ्याआधी ती सायकलच डोळ्यांत भरली होती. तशी पुन्हा एकदा बघायचीय."

नॉरिसचे पाय आपोआप फिरत राहिले.

"मग? बघितली तिने?"

"नाही. रंगवाल्याने उशीर केला." विल्फने हँडलवरची पकड बदलली. "आली तेव्हा दाखवायला घरात कुणी नव्हतं. म्हटलं, क्लबात न्यावी. तिची सगळी ओळखीची माणसं आहेत तिथे. म्हणून आणली मी ती. आणि तू चष्मा लावलास."

चष्मा लावून आपण काय म्हणालो होतो, ते नॉरिसला लख्ख आठवलं. शब्दन् शब्द. त्याला इतकी लाज वाटली की सायकल ओढ्यात घालावी असं झालं. मर्टलच्या हातचं मटण त्याने वर्षानुवर्षं खाल्लं होतं. तिच्या अंत्यविधीला तो शवपेटीला खांदा देऊन चालला होता.

"मला सांगायचं होतंस, विल्फ."

"तू विचारलंस?"

"नाही," नॉरिस म्हणाला. "नाही विचारलं. चुकलं माझं. फार चुकलं."

इतक्यात मागून हॉर्न वाजला. हिलरीची छोटी गाडी बाजूने गेली आणि खिडकीतून तिचं डोकं बाहेर आलं. "नॉरिस! विल्फ! लांब व्हा! ही शेवटची ताकीद!"

"हो हो!" नॉरिस म्हणाला आणि चार हात मागे राहिला. गाडी वळणाआड गेली. विल्फ पुढून काहीतरी बोलला, ते नॉरिसला ऐकू आलं नाही. तो पुन्हा शेजारी गेला.

"काय म्हणालास?"

"म्हटलं, रडतोयस का?"

"घाम आहे."

"डोळ्यांतून?"

मग नॉरिसच्याने राहवेना. "पण विल्फ, मर्टलची शपथ, ती पट्टी मात्र भयंकर आहे."

विल्फ असा हसला की त्याची सायकल गवतात शिरली आणि नॉरिसला त्याची कॉलर धरून रस्त्यावर ओढावं लागलं. "मलाही आवडत नाही ती!" तो हसता हसता ओरडला. "पहिल्या दिवसापासून नाही आवडली! पण तू बोललास, मग काढू कशी?"

तिसऱ्या फेरीत त्यांनी आणखी काय काय बोलून घेतलं ते सांगत बसलं तर पान पुरणार नाही. कोण मेलं, कोण कुणाच्या मुलीबरोबर पळालं, नव्या पाद्र्याची दाढी, खुब्याचं ऑपरेशन. वारा समोरून लागला तेव्हा कोण कुणाच्या आडोशाला गेलं हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. शेवटी घड्याळवाल्याने हात वर केला तेव्हा दोघं एकदम त्याच्यासमोरून गेले, आणि विल्फ नॉरिसला "मग तो पाद्री काय म्हणाला?" असं विचारत होता.

सभागृहात चहाचं मोठं पातेलं वाफा सोडत होतं. केकचे तुकडे, अंड्याची सँडविचेस, ताणलेल्या पायांनी बसलेली म्हातारी माणसं, आणि सगळीकडे मलमाचा वास. रॉडनी क्लूजने चष्मा नाकावर चढवून निकाल वाचायला घेतले. पंचाहत्तरीच्या पुढचे, नॉरिस टनिक्लिफ, एकशे शहाण्णव मैल. नवा विक्रम! सभागृह टाळ्यांनी दणाणलं. कुणीतरी टेबल बडवलं. नॉरिसने उठून मान लववली आणि खुबा दुखला म्हणून तसाच वाकलेला राहिला.

"मला बोलायचंय," हिलरी म्हणाली.

ती दाराजवळ वही उघडून उभी होती. "नॉरिस आणि विल्फ शेजारी शेजारी जात होते. बोलत होते. मी एकदा ताकीद दिली. पुढच्या फेरीत पुन्हा तसेच. मला... नॉरिस, तुम्हीच शिकवलंत मला."

सभागृहात कुजबुज झाली. "अगं, राहू दे," कुणीतरी म्हणालं. "म्हातारी माणसं आहेत." रॉडनीने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. नॉरिसचा खुबा, नॉरिसचं ऑपरेशन, हे सगळं त्याला ठाऊक होतं. नियम मोडल्याशिवाय सुटका कशी करावी या विवंचनेत त्याने विल्फकडे पाहिलं. "विल्फ, तुझं काय म्हणणं?"

विल्फने केक खाली ठेवला आणि तोंड पुसलं.

"मी या माणसाशी बोलत नाही," तो गंभीरपणे म्हणाला. "दहा वर्षं झाली. अख्ख्या जिल्ह्याला माहीत आहे. माझ्या बहिणीला विचारा. मी काय त्याच्याशी गप्पा मारणार? हिलरीला शिव्या ऐकू आल्या असतील. त्या मी सायकलीला देत होतो. कॉटर पिन सैल झाली होती."

हशाचा असा कल्लोळ उठला की चहाचे कप वाजले. हिलरीसुद्धा हसली. रॉडनीचा जीव भांड्यात पडला. "हे बाकी खरं," तो म्हणाला. "हे दोघं एकमेकांशी बोलतात यावर मी स्वतः विश्वास ठेवणार नाही. नॉरिस, तू फक्त एवढंच सांग, की तुम्ही बोलत नव्हता. पुढचं मी बघतो. हिलरी, चालेल ना?"

हिलरीने डोळे पुसत होकारार्थी मान हलवली.

सगळे नॉरिसकडे वळले. नॉरिसने भिंतीवरच्या फलकाकडे पाहिलं. विल्फच्या नावाच्या वरची जागा रिकामी होती, जणू त्याच्यासाठीच ठेवलेली. त्याला तो विक्रम हवा होता. पुन्हा बारा तास या पायांना मिळणार नव्हते. आणि समोर विल्फ बसला होता, स्वतःचा विक्रम असा सहज उधळून देत, चेहऱ्यावरची रेषही न हलवता. नुसतं "नाही" म्हणायचं होतं. एक शब्द.

"हिलरी," नॉरिस म्हणाला, "किती फेऱ्या लिहिल्यास?"

"दोन."

"तीन झाल्या. पहिलीच्या वेळी तू बहुतेक चहाला गेली होतीस." कुणी हसलं नाही. "विल्फ खोटं बोलतोय. आम्ही बोलत होतो. सबंध तीन फेऱ्या बोलत होतो, एकमेकांचा वारा अडवत होतो. सुरुवात मी केली. रॉडनी, माझं नाव काढून टाक."

रॉडनीच्या हातातली पेन्सिल तशीच राहिली. विल्फ ताडकन उठला, त्याची खुर्ची मागे आपटली.

"गाढवा! देत होतो ना मी तुला!"

"दिसलं मला."

"शेवटची संधी होती तुझी! ओल्वेनने सांगितलंय मला. मग हे कशाला?"

नॉरिस त्याच्याकडे वळला. खुबा ठणकत होता आणि सदऱ्यावर खीर वाळली होती, पण त्याची त्याला पर्वा नव्हती.

"दहा वर्षं मी तुझ्याशी बोललो नाही, विल्फ, आणि आज बोललो. आता उठून सगळ्यांसमोर सांगू, की बोललोच नाही? नाही सांगणार. फलकासाठी तर मुळीच नाही."

ओल्वेन केक कापायची सुरी हातात तशीच धरून उभी होती आणि तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं, ते पुसायचं तिला सुचलं नाही. रॉडनीने खाली मान घालून नॉरिसच्या नावावर रेघ मारली, आणि मग विल्फच्याही. म्हणजे जुना विक्रम तसाच राहिला, विल्फचा, रंगवलेल्या सायकलीवरचा. नॉरिस खुर्चीत बसला. त्याला वाटलं होतं आता कुठेतरी खोल काहीतरी तुटेल, पण तसं काहीच झालं नाही. उलट भूक लागली. त्याने शेजारच्या ताटलीतलं सँडविच उचललं, आणि ते कुणाचं आहे याची चौकशी न करता खाऊन टाकलं.

मग विल्फने पडलेली खुर्ची उचलली, टेबलाला वळसा घालून आणली आणि नॉरिसच्या शेजारी टेकवली.

"ऑपरेशन कुठे आहे?" त्याने विचारलं.

"श्रूसबरीला. सकाळी लवकर बोलावलंय."

"मी नेईन तुला. ओल्वेन गाडी चालवते म्हणजे देवाचं नाव घ्यावं लागतं."

"ऐकू येतंय मला," ओल्वेन म्हणाली.

नॉरिसने चहाचा कप विल्फपुढे सरकवला. "श्रूसबरी म्हणजे पंधरा मैल फक्त. एवढ्यात काय बोलून होणार आपलं?"

विल्फने चहात साखर घातली, ढवळली, आणि जरा विचार केला.

"लांबच्या रस्त्याने जाऊ," तो म्हणाला.